अनुकरण आणि अनुक्रोश : साहित्यातील शुक

मराठी समीक्षेत एखाद्या लेखकाची बोळवण करावयाची असली, म्हणजे जे थोडे शब्द हमखास हाताशी येतात त्यांत 'पोपटपंची' हा एक आहे. घोकंपट्टी करणारा विद्यार्थी, उसनी मते व्यासपीठावरून मांडणारा वक्ता आणि पूर्वसूरींच्या कल्पना गिरविणारा कवी या तिघांनाही आपण याच एका शब्दाने निकालात काढतो. या शब्दामागचे गृहीत उघड आहे. पोपट बोलतो, पण त्याला काही कळत नाही. त्याच्या ठायी ध्वनी आहे, अर्थ नाही. आश्चर्याची गोष्ट अशी की, ज्या समाजाने हा शब्द घडविला त्याच समाजात या पक्ष्याविषयी नेमकी उलट साक्ष पिढ्यानुपिढ्या दिली जात आहे. ज्यांनी पोपट पाळला, विशेषतः ज्यांनी तो एकाकीपणात, वैधव्यात किंवा दीर्घ आजारात पाळला, ती माणसे सांगतात की याला सारे कळते. घरात दुःख असले म्हणजे हा गप्प होतो, आणि आपण बोलेनासे झालो म्हणजे हाच हाक मारतो. यांपैकी खरे काय, हा प्रश्न केवळ पक्षिशास्त्राचा असता तर या पृष्ठांत त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु साहित्याने या पक्ष्याला जितके बोलते केले आहे तितके दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याला केलेले नाही; आणि तो काय बोलतो, कोणासाठी बोलतो, याचा विचार करू गेल्यास अनुकरण आणि सहृदयता यांच्या परस्परसंबंधाविषयीचा एक मूलभूत प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो.

या विचाराच्या सोयीसाठी आम्ही दोन शब्द घेतो : अनुकरण आणि अनुक्रोश. पहिला सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसरा मराठीतून जवळजवळ नाहीसा झाला असला, तरी त्याचा सख्खा भाऊ 'आक्रोश' आपल्या बोलण्यात अजून आहे. क्रुश् म्हणजे ओरडणे, रडणे. दुसऱ्याच्या रडण्यामागोमाग आपल्यालाही रडू येणे तो अनुक्रोश, आणि त्यावरून करुणा. आज ज्याला आपण सहानुभूती किंवा समानुभूती म्हणतो, त्याला संस्कृताने हा फार बोलका शब्द दिला होता. दोन्ही शब्दांचा उपसर्ग एकच आहे. 'अनु' म्हणजे मागोमाग. एक मागोमाग करणे, दुसरे मागोमाग रडणे. पोपटाच्या ठायी केवळ पहिले आहे असे आपली समीक्षा म्हणते. दुसरेही आहे असे पोपट पाळणारा म्हणतो. थोर ग्रंथकारांनी काय पाहिले ते आता पाहू.

प्रथम घरातलीच साक्ष काढावी. जात्यावर बसलेली मराठी स्त्री आपल्या मुलाला 'राघू' म्हणते आणि लेकीला 'मैना'. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. त्या चाळताना हा राघू जागोजाग भेटतो. त्याला न्याहारी करून देणे, त्याची वाट पाहणे, तो दूर गेला असता जीव कासावीस होणे, हे सारे त्या दोन ओळींत येते. मुलाला हे नाव देताना त्या मातेच्या मनात घोकंपट्टी नव्हती, हे सांगावयास नको. तिच्या मनात होता तो घरात वावरणारा, आपल्या हाकेला ओ देणारा, आणि एक दिवस उडून जाईल अशी धास्ती लावणारा जीव. विद्वानांच्या बोलीत जो पक्षी निर्बुद्धतेचे प्रतीक झाला, तोच स्त्रियांच्या बोलीत आपलेपणाचे प्रतीक होऊन राहिला. एकाच भाषेतील हे दोन अर्थ एकमेकांना भेटलेच नाहीत, आणि समीक्षेने त्यांपैकी एकाचीच दखल घेतली.

विद्वानांची बाजू अगदीच निराधार होती असे मात्र नव्हे. अमरुशतकातील तो प्रसिद्ध प्रसंग रसिकांस आठवेल. रात्री दंपतीने एकांतात काढलेले उद्गार पिंजऱ्यातला पोपट सकाळी वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने म्हणू लागतो. लाजेने अर्धमेली झालेली वधू कानातल्या माणकाचा खडा डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीपुढे धरते आणि त्याचे तोंड बंद करते. येथे पोपट निव्वळ अनुकरण करतो. वधूची अवस्था त्याला कळत नाही. म्हणूनच प्रसंगाला विनोदाची लज्जत येते. रवींद्रनाथांनी १९१८ साली लिहिलेल्या 'तोताकाहिनी'त हाच धागा कठोर उपरोधापर्यंत गेला आहे. राजाच्या आज्ञेने पोपटाला शिक्षण दिले जाते, सोन्याचा पिंजरा होतो, पोथ्यांचे ढीग पडतात, पाने त्याच्या चोचीत कोंबली जातात; शेवटी पोपट मरतो, आणि त्याच्या पोटात सुका कागद तेवढा खसखसतो. शिक्षकांनी ही कथा वारंवार वाचावी अशी आहे. परंतु तिचा रोख पोपटावर नाही, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अगोदर तो पक्षी गात होता, बागडत होता. त्याला पोथ्या माणसांनी चारल्या. तेव्हा 'पोपटपंची' हा दोष पोपटाचा की पढविणाराचा, हा प्रश्न रवींद्रनाथांनी आपल्यापुढे टाकलाच आहे.

अनुकरणातून दिलासा कसा निर्माण होतो, हे पाहावयाचे तर डॅनिएल डेफोच्या १७१९ सालच्या 'रॉबिन्सन क्रूसो'कडे वळावे लागेल. निर्जन बेटावर अडकलेला क्रूसो एक पोपट पकडतो, आणि पुढे काही वर्षांच्या खटपटीनंतर त्याला आपले नाव घ्यावयास शिकवितो. बेटाभोवतीच्या जीवघेण्या नौकाप्रवासातून वाचून तो आपल्या दुसऱ्या, आतल्या भागातील निवाऱ्यापर्यंत कसाबसा येतो आणि थकून झोपी जातो. झोपेतच कोणीतरी त्याला नावाने हाक मारते, तू कोठे आहेस, कोठे गेला होतास, अशी करुण स्वरात विचारपूस करते. माणसाचा शब्द न ऐकलेल्या त्या माणसाची भीतीने गाळण उडते. मग दिसतो कुंपणावर बसलेला पोपट. शब्द क्रूसोचेच आहेत. स्वतःची कीव करीत तो पोपटाशी जसा बोलत असे, तसाच तो करुण सूर पक्ष्याने उचललेला आहे. डेफो भावनाविवश होणारा लेखक नाही. जमाखर्चाच्या वहीत नोंद करावी तसा हा प्रसंग तो नोंदवितो, आणि म्हणूनच तो मनाला भिडतो. आपलीच कीव आपल्याला परक्या कंठातून ऐकू आली की ती परक्याची होते. स्वतःशी केलेले बोलणे तेवढ्यापुरते संभाषण होते. येथे अनुक्रोश आहे काय? पोपटाच्या बाजूने तो आहे असे डेफो म्हणत नाही. पण क्रूसोला धीर येतो यात शंका नाही, आणि तो धीर ज्याला आपण तुच्छ लेखतो त्या अनुकरणातूनच आलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात गुस्ताव्ह फ्लोबेरने हाच प्रश्न अधिक खोल नेला. १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तीन कथांपैकी 'एक साधे हृदय' या कथेत फेलिसिते नावाची मोलकरीण आहे. तिने ज्यांच्यावर माया केली ती माणसे एकामागून एक तिला सोडून गेली. भाचा परदेशी वारला, मालकिणीची मुलगी वारली. उतारवयात मालकिणीला नकोसा झालेला लूलू नावाचा पोपट तिच्या वाट्याला येतो. पुढे ती बहिरी होते, आणि जगातला एकच आवाज तिच्या कानापर्यंत पोहोचतो : त्या पोपटाचा. तो आपली ठरलेली तीन वाक्ये पुनःपुन्हा म्हणतो. ती त्यांना असंबद्ध पण मनापासूनची उत्तरे देते. शब्दांचा परस्परांशी काही संबंध नाही, तरी दोघांचे बोलणे चाललेले आहे. पोपट मेल्यावर ती त्यात पेंढा भरून घेते, आणि अखेरच्या क्षणी तिच्या मिटत्या डोळ्यांपुढे आकाशात पंख पसरलेला एक प्रचंड पोपट तरंगतो.

या कथेचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. काहींना ती भाबड्या भक्तीची थट्टा वाटते, काहींना निर्मळ प्रेमाचे स्तोत्र. लिहिताना फ्लोबेरने रूआँच्या संग्रहालयातून पेंढा भरलेला पोपट आणून टेबलावर ठेवला होता, ही हकीकत प्रसिद्ध आहे; ज्युलियन बार्न्स याने १९८४ साली तिच्याभोवती एक अख्खी कादंबरी रचली. आमच्या मते थट्टा किंवा स्तोत्र या दोन्ही वाचनांत एक गोष्ट निसटते. फ्लोबेर पोपटाला काय वाटते हे सांगत नाही, पण पोपटाशी बोलताना फेलिसितेचे काय होते हे मात्र इंचाइंचाने दाखवितो. प्रेम करण्याची तिची शक्ती अफाट आहे, आणि ती घेणारे कोणी उरलेले नाही. लूलूने तिचे दुःख समजून घेतले की नाही हे आपल्याला कळत नाही. त्याने तिच्या प्रेमाला उतरावयास जागा दिली, एवढे निश्चित. भावनिक आधार म्हणून ज्याला म्हणतात त्याचा निम्मा भाग बहुधा असाच असतो. आपण घेतो त्यापेक्षा देतो, आणि देता आले म्हणून सावरतो.

आपल्या परंपरेतील शुक याच्या एक पाऊल पुढे आहे. तो ऐकणारा आहे, आणि ऐकून त्याप्रमाणे वागणारा आहे. शुकसप्ततीची, म्हणजेच मराठी वाचकांना 'शुकबहात्तरी' या नावाने ठाऊक असलेल्या कथामालेची चौकट पाहावी. नवरा परदेशी गेलेला. प्रभावती परपुरुषाकडे जावयास निघते. घरातली मैना तिला सरळ धर्मोपदेश करते. प्रभावती तिची मान मुरगळावयास धावते आणि मैना उडून जाते. पोपट मात्र तिला अडवीत नाही. 'जा, पण अमकीप्रमाणे संकटातून सुटण्याची युक्ती ठाऊक असेल तरच जा', असे म्हणून तो तिचे कुतूहल जागवितो, गोष्ट सुरू करतो, आणि रात्र सरते. अशा सत्तर रात्री जातात आणि नवरा परत येतो. या ग्रंथाला चातुर्यकथांचा संग्रह म्हणून आपण बाजूला ठेवतो, आणि त्यातील कित्येक कथांची ग्राम्यता पाहता ते स्वाभाविकही आहे. तथापि चौकटीतला हा भेद मार्मिक आहे. मैनेजवळ नीती होती, पोपटाजवळ नीतीबरोबर त्या स्त्रीच्या मनाची जाणीव होती. एकटेपणाला उपदेशाची नव्हे, सोबतीची गरज असते हे त्याला कळले. ज्यांचा मुलांशी रोजचा संबंध येतो त्या शिक्षकवर्गाला हा भेद अधिक विवरून सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि मग बाणभट्टाची कादंबरी. मराठीत ज्या साहित्यप्रकाराला आपण 'कादंबरी' म्हणतो त्याला हे नाव सातव्या शतकातील या ग्रंथावरून मिळाले, हे सर्वज्ञात आहे. पण या ग्रंथाची कथा एका पोपटाच्या मुखाने उलगडते, ही गोष्ट आपण विसरतो. वेत्रवतीच्या काठी वसलेल्या विदिशा नगरीत शूद्रक राजाच्या सभेत एक चांडालकन्या सोन्याच्या पिंजऱ्यातून वैशंपायन नावाचा पोपट आणते. ग्वाल्हेर-इंदूरच्या आमच्या वाचकांना ही वेत्रवती, आजची बेतवा, परकी नाही. सभेला वाटते की पढविलेला पक्षी पाहावयास मिळणार. त्याऐवजी तो स्वतःच्या दुःखाची कहाणी सांगतो. विंध्याटवीतील शाल्मलीवृक्ष, जन्मतःच गेलेली आई, पिसे झडलेला वृद्ध पिता, झाडावर चढून पिलांच्या माना मुरगळणारा म्हातारा शबर. पिता पिलाला पंखाखाली झाकतो आणि मारला जातो. पिलू त्याच्या देहाबरोबर वाळक्या पानांच्या ढिगावर पडून वाचते.

या प्रसंगाच्या कारुण्याची स्तुती पुष्कळांनी केली आहे. आमचे लक्ष वेधून घेतो तो त्यानंतरचा क्षण. भेदरलेले पिलू पित्याचे कलेवर सोडून तमालवृक्षाच्या मुळाशी लपते. मग त्याला तहान लागते, आणि ती लागताच ते स्वतःला दोष देते. ज्याने मला वाढविले तो आताच गेला आणि मला पाणी हवेसे वाटते, मी किती निर्दय आहे, अशी ती टोचणी आहे. अनुक्रोश म्हणजे काय, हे बाणाने येथे व्याख्येवाचून दाखविले आहे. आपल्या जगण्यात दुसऱ्याचे मरण बोचणे तो अनुक्रोश. लगेच पुढे मुनिकुमार हारीत येतो, पिलाला उचलतो, त्याच्या चोचीत पाण्याचे थेंब घालतो. ज्याला दुसऱ्याचे दुःख कळते त्याचे दुःख कळणारा कोणीतरी त्याला भेटतो. लांबच लांब समासांचा कवी म्हणून ज्या बाणाची आपण धास्ती घेतो, त्याने हा सारा व्यवहार एका तहानलेल्या पिलाभोवती रचावा, यात त्याच्या प्रतिभेचे खरे मर्म आहे.

परंतु या सर्वांचा मुकुटमणी महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. दयाळू माणसाचे गुण कोणते, असे युधिष्ठिर विचारतो, आणि भीष्म उत्तरादाखल एका पोपटाची गोष्ट सांगतो. काशीच्या राज्यातील एका व्याधाचा विषारी बाण हरिणाला न लागता एका महावृक्षाला लागतो. वृक्ष वठतो. पक्षी निघून जातात. ढोलीत राहणारा एक पोपट मात्र जात नाही. अन्नावाचून तोही झाडाबरोबर सुकू लागतो. ब्राह्मणवेषाने आलेला इंद्र त्याला विचारतो, 'अरण्यात दुसरी हिरवी झाडे असताना या लाकडात का राहतोस?' पोपटाचे उत्तर असे की, मी येथे जन्मलो, येथे वाढलो, याने शत्रूंपासून माझे रक्षण केले. तो समर्थ होता तेव्हा त्याच्या आश्रयाने जगलो, आता त्याला कसा सोडू? प्रसन्न झालेल्या इंद्राजवळ तो एकच वर मागतो : झाड पुन्हा हिरवे व्हावे. जातककथांतही, उंबराच्या झाडाच्या रूपाने, हीच कथा येते. एकूण प्राचीनांना ती मोलाची वाटत होती. 'अनुक्रोश' आणि 'आनृशंस्य' हे दोन शब्द महाभारतकार याच संवादात पोपटाच्या तोंडी आणि त्याच्या संदर्भात योजतो, ही बाब आम्हांला विशेष वाटते. बोलका पक्षी म्हणून जगात प्रसिद्ध असलेल्या पोपटाची थोरवी सांगताना व्यासाने त्याचे बोलणे दुय्यम मानले. त्याचे न जाणे, हेच मुख्य मानले. दुःखितापाशी बसून राहणे, एवढेच त्याने केले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. हे सारे पोपट पिसे लावलेली माणसे आहेत. कवींनी आपली भावना त्यांच्यावर लादली. खऱ्या पक्ष्याशी त्यांचा संबंध काय? गेल्या पन्नास वर्षांतील संशोधनाने या आक्षेपाला जे उत्तर मिळते ते सावध आहे, पण उपेक्षणीय नाही. आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली ॲलेक्स नावाचा आफ्रिकेतील करडा पोपट घेतला आणि तो २००७ साली मरेपर्यंत त्याच्यावर प्रयोग केले. सुमारे पन्नास वस्तूंची नावे, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंतच्या संख्या तो ओळखून सांगत असे. त्याला भाषा येत होती असे पेपरबर्ग यांनी म्हटले नाही. पण त्याचे शब्द निरर्थक नव्हते हे त्यांनी सिद्ध केले. त्यांची शिकविण्याची रीत आमच्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. दोन माणसे पोपटापुढे परस्परांशी बोलत, आणि त्या संबंधात आपल्याला जागा मिळावी म्हणून पोपट शब्द शिके. २०१७ साली न्यूझीलंडच्या किआ या पोपटजातीविषयी असे आढळले की, खेळताना काढला जाणारा विशिष्ट आवाज ऐकविला असता इतर किआही खेळू लागतात. म्हणजे एकाची उल्हसित वृत्ती दुसऱ्यात संक्रांत होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्या चकत्या देऊन अन्न मिळते त्या करड्या पोपटांनी स्वतःला काही लाभ नसताना शेजारच्या पोपटाला पुरविल्या. निळ्या डोक्याच्या मकाव जातीच्या पोपटांनी मात्र तसे केले नाही. तेव्हा 'पोपट सहृदय असतो' असे सरसकट विधान करता येत नाही. काही पोपट, काही प्रसंगी, दुसऱ्याची गरज ओळखून वागतात असे म्हणता येते.

यांहून महत्त्वाचे संशोधन २०११ सालचे. व्हेनेझुएलातील एका रानपोपटाच्या जातीत आईबाप प्रत्येक पिलाला एक विशिष्ट हाक शिकवितात, आणि पिलू ती उचलून थोड्याफार फरकाने आपली म्हणून वापरते; जवळजवळ नामकरणच ते. थव्यातले पक्षी अशा हाकांनी एकमेकांना ओळखतात, शोधतात, धरून राहतात. याचा अर्थ असा की, पोपट नक्कल करतो ती करमणुकीसाठी नव्हे. नक्कल हे त्याच्या जातीचे नाते जोडण्याचे साधन आहे. ज्याच्याशी संबंध ठेवावयाचा त्याचा आवाज आपला करून घ्यावयाचा, हा त्याचा स्वभाव. मग क्रूसोचा पोपट त्याला नावाने हाक मारून 'कोठे आहेस' असे विचारतो, ते निव्वळ पाठांतर उरत नाही. रानातला पोपट थव्यातल्या सोबत्याला हाक मारतो त्याच जातीची ती क्रिया ठरते. ज्या दोन शब्दांत आम्ही आरंभी भेद केला, ते या पक्ष्याच्या ठायी एकाच मुळाचे दोन फुटवे आहेत. अनुकरण हेच त्याच्या अनुक्रोशाचे दार आहे. जात्यावरच्या बाईने मुलाला राघू म्हटले, तेव्हा ती पंडितांपेक्षा सत्याच्या अधिक जवळ होती.

येथे एक अप्रिय प्रश्न टाळता येत नाही. पोपट आपल्याला हाक मारतो, कारण त्याचा थवा त्याच्यापासून हिरावून घेतलेला असतो. एकट्याने कोंडलेले पोपट स्वतःची पिसे उपटतात, हे पक्षी पाळणाऱ्यांना आणि पशुवैद्यांना चांगले ठाऊक आहे. ज्याने आपले एकटेपण हलके करावे अशी आपली अपेक्षा, त्याला आपण आपल्याहून अधिक एकटे केलेले असते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने देशी पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे बेकायदा ठरले आहे. करड्या पोपटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१६ साली कडक निर्बंध घालण्याचा निर्णय झाला. तरी बाजारातले पिंजरे ओस पडलेले नाहीत. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात शुकनलिकेचा दृष्टान्त आहे. नळीवर बसलेला पोपट नळी फिरताच ती घट्ट धरतो, आणि कोणी बांधलेले नसताना आपण बांधलेलो आहोत असे समजतो. पोपट आणि त्याचा मालक यांच्या संबंधात हा दृष्टान्त उलटा लावावासा वाटतो. पोपट खरोखरच कोंडलेला असतो. नळी घट्ट धरून बसलेला असतो तो मालक, आणि त्या पकडीला तो प्रेम समजतो.

या कोंडीतून वाट असू शकते, याचे एक उदाहरण आहे. लॉरिन लिंडनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे निवृत्त सैनिकांसाठीच्या सरकारी आरोग्यकेंद्राच्या आवारात २००५ साली पोपटांचे एक आश्रयस्थान उभारले. तेथे आणलेले पोपट टाकून दिलेले, हाल सोसलेले होते. त्यांची निगा राखणारे होते युद्धाने मन मोडलेले सैनिक. ज्यांना माणसांपुढे तोंड उघडवत नव्हते ते या पक्ष्यांशी बोलू लागले. लिंडनर यांनी २०१८ साली आपल्या पुस्तकात ही हकीकत सांगितली आहे. आम्हांला या उदाहरणाचे महत्त्व वाटते ते त्यातील देवघेवीमुळे. सैनिकाला पोपटाने आधार द्यावा म्हणून पोपट आणलेला नव्हता. पोपटालाच आधाराची गरज होती, आणि ती भागविताना सैनिकाला आपला आधार सापडला. अनुशासनपर्वातले वठलेले झाड आणि त्याला न सोडणारा पोपट यांची येथे जणू अदलाबदल झालेली आहे. कधी झाड सुकते, कधी पक्षी. जो सुकलेला नाही त्याने जाऊ नये, एवढाच नियम.

आमचा निष्कर्ष आता थोडक्यात सांगतो. पोपटाला माणसाच्या दुःखाचा अर्थ कळतो, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु दुसऱ्याचा आवाज आपला करून घेऊन त्याच्याशी बांधले जाण्याची जी शक्ती त्याला आहे, ती तुच्छ मानण्याजोगी नाही. किंबहुना लेखन-वाचनाचा आपला सारा व्यवहार याच शक्तीवर चाललेला आहे. मूल आईचे शब्द उचलते, शिष्य गुरूचे, कवी पूर्वसूरींचे. आणि उचलता उचलताच त्यांचा अर्थ त्यांना कळू लागतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यानुपिढ्या राहून ज्यांनी मराठी टिकविली, त्यांच्या घरांत ती आधी अशाच उचललेल्या शब्दांनी टिकली : आजीच्या म्हणी, आरत्या, पाढे. नुसत्या अनुकरणाला हसण्यापूर्वी समीक्षकाने एवढे पाहावे की, हे अनुकरण कोणाशी नाते जोडण्यासाठी चालले आहे. जेथे असे नाते नाही, जेथे अमरूच्या पोपटाप्रमाणे शब्द आहेत पण ज्याचे शब्द त्याची ओळख नाही, तेथे 'पोपटपंची' हा शेरा खुशाल मारावा. इतर ठिकाणी, उत्तरपत्रिकेच्या समासात किंवा परीक्षणाच्या शेवटी तो शब्द लिहिण्यापूर्वी, ज्या पक्ष्याने वठलेले झाड सोडले नाही त्याची आठवण ठेवावी.